यादीत बत्तिसावी

संध्याकाळी पाच वाजून चौदा मिनिटांनी निवड समितीची जीप मैदानात आली. ती सकाळी आठला यायची होती.

शनिवार, १८ डिसेंबर १९९९. गडहिंग्लज. निवासी क्रीडाशाळेसाठी आजरा आणि गडहिंग्लज मिळून दहा वर्षांखालच्या दोघांना घ्यायचं होतं; आमच्याकडे चौतीस मुलं होती. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं बारावीपर्यंत त्यांच्याकडे. मुलं सकाळी साडेसातलाच मैदानात हजर होती. अकरा वाजता मी त्यांना घरी पाठवलं आणि चारला परत बोलावलं. चौतीसपैकी चौतीस परत आली.

जीपमधून वडगावकर साहेब उतरले. साठीचे, टोपीवाले, एका पायाने किंचित लंगडणारे. एके काळी कोल्हापुरात फुटबॉल खेळायचे, डाव्या बाजूने, लेफ्ट-आउट.

"आजऱ्यातच तीन वाजले हो खणदाळे," ते म्हणाले. "प्रत्येक बापाला वाटतंय आपलंच पोरगं. किती आहेत?"

"चौतीस."

"उजेड पुरेल?"

मी घड्याळ पाहिलं. सहाला सूर्य मावळतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं दिसतं.

"न थांबता घेतलं तर पुरेल."

"मग थांबायचंच नाही," असं म्हणून त्यांनी यादी मागितली. मी दिली.

यादी मीच केली होती. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. रोज संध्याकाळी पावणेआठच्या एसटीने बातम्यांचं पाकीट जायचं. त्याच्या आधी तास-दीड तास आणि सकाळी साडेसहा ते आठ मी मुलांना फुटबॉल शिकवायचो. गुडघा गेल्यावर माझं स्वतःचं खेळणं थांबलं होतं. शिकवणं पाचव्या वर्षात होतं. माझ्याकडे एक स्टॉपवॉच होतं आणि वार्ताहराची ती उभी, वरून उलटायची वही. प्रत्येक मुलाची प्रत्येक धाव त्या वहीत लिहिलेली असायची. तारीख, सकाळ की संध्याकाळ, सेकंद, पडलेले डबे, बोटं बरोबर की चूक.

डबे आणि बोटं म्हणजे काय, ते सांगतो. लहान मुलाला बॉल घेऊन पळ म्हटलं की ते बॉल लांब मारतं आणि त्याच्यामागे धावतं. हे ड्रिब्लिंग नव्हे, पाठलाग झाला. मी त्यांना पायाचा पंजा खाली झुकवून करंगळीच्या बाजूने बॉल ढकलायला शिकवायचो. पळण्यात खंड पडू द्यायचा नाही आणि दर दुसऱ्या पावलाला एक टच. "बॉल वासरागत यायला पाहिजे," मी सांगायचो. "तुम्ही पळा, तो हुंगत येतोय." वीस मीटरच्या दोन रांगांमध्ये रंगाचे रिकामे डबे वाळू भरून ठेवलेले असत, मध्ये दोन पावलांची वाट. मूल त्या वाटेतून पूर्ण वेगाने यायचं. पल्ल्याच्या टोकाला मी उभा. मूल अर्ध्यावर आलं की मी हात वर करून बोटं दाखवायची आणि त्याने पळता पळता आकडा ओरडायचा. मान वर ठेवायची सवय लागावी म्हणून हे. वेगात पळणाऱ्या मुलाची नजर बॉलवर असली तर त्याला मैदान दिसत नाही.

आणखी एक नियम होता. रेषेवर थांबायचं नाही. मुलं शेवटची रेषा दिसली की तीन पावलं आधीच वेग कमी करतात. "रेषा आपल्यासाठी नाही, घड्याळासाठी आहे," मी म्हणायचो. "आपण तिच्या पुढं पळायचं."

पाच वाजून तेवीस मिनिटांनी पहिला मुलगा सुटला.

तिसरा धावत असताना कस्तुरीची आई माझ्याजवळ आली. शैला नूलकर. बाजारपेठेच्या मागे तिची पिठाची गिरण होती. गिरण बंद करून ती तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ होतं.

"सर, कस्तुरीला आधी घ्या की."

"तिचा नंबर बत्तीस आहे, ताई."

"ठाऊक आहे. म्हणून तर म्हणतोय, आधी घ्या." आमच्याकडे बायकाही 'म्हणतोय'च म्हणतात.

"यादी साहेबांच्या हातात गेली."

"यादी तुम्हीच केलीय न्हवं?"

"म्हणूनच बदलता येत नाही. एकीला पुढं घेतलं तर बाकीच्यांचे बाप येतील भांडायला."

"येऊ देत की. मी आई आलोय न्हवं?"

मी हसलो. ती हसली नाही.

यादीत एकतीस मुलगे आणि तीन मुली होत्या. मुली शेवटी. अशी यादी करायची असं मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेचा हजेरीपट तसाच असतो, स्पर्धांचे अर्ज तसेच असतात, मीही तशीच केली. पुढचा मुलगा सुटला आणि मी स्टॉपवॉच दाबलं. शैलाताई तिथेच उभी होती.

"काळोख पडंल, सर."

"पडणार नाही. साहेब भराभर घेतायत."

तिने पश्चिमेकडे पाहिलं आणि कस्तुरी बसली होती तिकडे गेली.

या संध्याकाळच्या प्रश्नावरून आमचं आधी एकदा वाजलं होतं. ऑक्टोबरात मी निवडीसाठी बारा मुलांची वेगळी बॅच केली. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा यायचं होतं. कस्तुरी फक्त सकाळी यायची. तिचा मामा शिवाप्पा तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणायचा आणि दीड तास बांधावर बसून शेरे मारायचा. "अरे ए, बॉल हाय का तुझी सासू? एवढ्या लांबनं काय चालतोयस?" मुलांना तो आवडायचा. मलाही. मी एकदा म्हटलं, "मामा, संध्याकाळी पण आणा की हिला." तो म्हणाला, "संध्याकाळी आमच्या कोंबड्या झोपत्यात सर, त्यांच्यासंगट मीबी." सगळे हसले.

मग मी गिरणीवर गेलो. शैलाताई म्हणाली, सकाळी पाठवतो, संध्याकाळचं नको.

"का? मुलगी आहे म्हणून?"

गिरणीचा पट्टा चालू होता.  तिने माझ्याकडे पाहिलं, मग पट्टा बंद केला.

"व्हय," ती म्हणाली. "पोरीची जात. दिवे लागल्यावर भाईर बरं न्हाई. लोक नावं ठेवत्यात."

त्यावर मी दहा मिनिटं बोललो. दळणाला आलेल्या दोन बायका ऐकत होत्या. काळ कुठे गेला, मुली कुठे गेल्या, तुम्ही स्वतः गिरण चालवता आणि मुलीला कोंडून ठेवता. मी हे सगळं नीट, मुद्देसूद बोललो. असल्या विषयावर बोलायची मला सवय होती. तिने एकदाही मला मध्ये तोडलं नाही.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "पाठवतो. पण मी येणार संगट."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी यायची आणि पल्ल्याच्या टोकाला, माझ्या उजव्या हाताला, रेषेच्या पुढे उभी राहायची. कस्तुरी सुटली की ओरडायला सुरुवात. "कस्तुरे, हिकडं! हिकडं ये! सरळ!" बाकीच्या मुलांच्या आया यायच्या नाहीत, आल्या तर गप्प बसायच्या. मला तो आवाज त्रासाचा वाटायचा. पण निदान मुलगी येतेय, म्हणून मी सोडून दिलं.

आणि मुलगी विलक्षण होती. नऊ वर्षांची, सडपातळ, गुडघे काळे. पाय बॉलला लागल्याचा आवाज यायचा नाही. दोन मुलं समोरासमोरून बॉल घेऊन येतात आणि मध्ये एकमेकांना चुकवतात, असा एक सराव मी संध्याकाळी घ्यायचो. मुलं शेवटच्या क्षणी दचकतात, डोळे मिटतात, थांबतात. कस्तुरी दचकायची नाही. ओंकार देसूरकर तिच्या दीडपट होता, तोही तिच्यासमोर बाजूला व्हायचा. "ही काय थांबत न्हाई सर," तो तक्रार करायचा. "अंगावरच येती." पाच डिसेंबरला मी तिच्यावर चौकट छापली. शीर्षक दिलं, 'समोर कोणीही आलं तरी न बिचकणारी कस्तुरी'. शिवाप्पाने ते कात्रण चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं.

सहा वाजून दोन मिनिटांनी वडगावकर साहेबांनी टोपी काढली. वीस मुलं झाली होती. ओंकारची वेळ सगळ्यात चांगली होती, पाच पूर्णांक चार. साहेबांनी त्याच्या नावापुढे खूण केली.

"दुसरा कुणी आहे या तोडीचा?"

"आहे. शेवटी."

"शेवटी कशाला ठेवलाय?"

"ठेवली आहे," मी म्हटलं. ते हसले.

कस्तुरी मुलींबरोबर बांधावर बसली होती. मी पाणी प्यायला तिकडे गेलो. शिवाप्पा आला नव्हता. सकाळी आला होता, अकराला परत गेला होता.

"भीती वाटतेय?"

"न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "सर, बोटं तुम्हीच दाखवणार न्हवं?"

"मीच."

"मग न्हाई."

मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि जागेवर आलो.

सहा वाजून चौदा मिनिटांनी मी बत्तीस नंबर पुकारला. त्या वेळचा उजेड मला नेमका सांगता येतो, कारण मी वहीत लिहीत होतो आणि अक्षर दिसत होतं, ओळी दिसत नव्हत्या. डब्यांचा पांढरा रंग दिसत होता. पलीकडची मुलं आकारांवरून ओळखू येत होती. माणसाला चालायला अडचण पडेल असा तो अंधार नव्हता.

एकतिसावा मुलगा 'एक' ओरडला होता. 

कस्तुरी सुटली. आईचा आवाज सुरू झाला. "हिकडं! कस्तुरे, सरळ ये! हिकडं!"

ती अर्ध्यावर आली आणि मी हात वर केला. "तीन!" कस्तुरी ओरडली. बरोबर.

पाच पूर्णांक दोन सेकंद. उजवीकडचा एक डबा पडला. वडगावकर साहेब शिट्टी न फुंकता ओठांनीच वाजवतात तसं काहीतरी वाजवत होते.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले. "या वेळी बोटं मी दाखवतो."

ते माझ्या जागी येऊन उभे राहिले. कस्तुरी परत टोकाला गेली. जाताना ती डब्यांना हात लावत गेली, एकेक डबा, वाकून. मला वाटलं, पडलेला डबा शोधतेय.

दुसरी धाव सहा वाजून अठरा मिनिटांनी. साहेबांनी पूर्ण पंजा उघडून धरला.

"दोन!"

"पाच," साहेब म्हणाले. "घाबरली. पण पाय बघितले का तुम्ही? पाय बघा."

पाच पूर्णांक एक सेकंद. डावीकडचे दोन डबे पडले.

साहेबांनी यादी जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि वाकून पाहिली. एक जागा आजऱ्याच्या मुलाला द्यायचं त्यांनी जवळपास ठरवलेलं होतं, ते त्यांनी तिथेच मला सांगितलं. म्हणजे आमच्यासाठी एकच उरली होती. ओंकार की कस्तुरी.

"शेवटचं एकदा," ते म्हणाले. "बोटं नकोत. नुसता वेग. आणि खणदाळे, त्या बाईंना जरा गप्प करा. पोरीचं लक्ष तिकडं जातंय. आकडा चुकला तो त्यामुळंच."

मला ते पटलं. मी दोन महिने मनातल्या मनात तेच म्हणत होतो.

मी शैलाताईजवळ गेलो. ती नेहमीच्या जागी होती, रेषेच्या पुढे उजव्या हाताला.

"ताई, आता आवाज नको."

"का?"

"साहेब म्हणतात, तिचं लक्ष विचलित होतंय."

"मी हाक मारतो सर. एकदाच. एकच हाक."

"एकपण नको. एकच जागा आहे. तिची जाईल तुमच्यामुळं."

ती आजूबाजूला बघू लागली. ओंकारचे वडील होते, दोन मुलींच्या आया होत्या, शाळेचे शिक्षक, जीपचा ड्रायव्हर, बांधावर चाळीस-पन्नास माणसं. गावातली माणसं, सगळी ओळखीची. तिने तोंड उघडलं. मी वाट पाहिली.

"सर," ती हळू म्हणाली, "तिला म्हणावं, दमानं ये."

"वेगाचीच तर परीक्षा आहे."

 पदराचं टोक तिने तोंडात धरलं आणि तशीच उभी राहिली.

आता मैदान दाबायच्या रुळाबद्दल. चाचणीसाठी मैदान सपाट करून घ्यावं म्हणून मीच आदल्या दिवशी नगरपालिकेत अर्ज दिला होता. शनिवारी सकाळी सातला दोन माणसांनी लोखंडी रूळ फिरवला आणि उत्तर टोकाला, शेवटच्या रेषेपासून सात पावलांवर, वाटेच्या थोडा, माझ्या डाव्या बाजूला सोडून ते गेले. माझ्या वहीत त्याची नोंद आहे: 'रूळ, उत्तर बाजू, अडचण नाही.' त्या संध्याकाळी एकतीस मुलं त्याच्या बाजूने वळून गेली होती. कस्तुरी पहिल्या दोन्ही वेळा माझ्या उजवीकडे वळली होती, आईच्या आवाजाकडे.

सहा वाजून तेवीस मिनिटांनी साहेबांनी रुमाल खाली केला.

सगळं मैदान गप्प होतं. कस्तुरीच्या अनवाणी पावलांचा आवाज येत होता आणि मधूनमधून बॉलचा, अगदी बारीक. डबा एकही पडला नाही. ती रेषेवर आली तेव्हा मी बटण दाबलं. चार पूर्णांक नऊ. आमच्या मैदानावर त्या वयाच्या कुणीही, मुलाने किंवा मुलीने, पाचच्या खाली वेळ दिलेली नव्हती. मी आकडा वाचायला मान खाली घातली.

ती रेषेवर थांबली नाही. मी शिकवलं होतं तशी ती पुढे पळाली.

आधी बॉल आदळला, मग ती. बॉल उडून आमच्यापर्यंत आला.

तेहतीस आणि चौतीस नंबरच्या मुली धावल्याच नाहीत.

जीपमधूनच तिला दवाखान्यात नेलं. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं आणि कपाळाला पाच टाके पडले. वाटेत ती रडत नव्हती. "सर, बॉल कुठं गेला?" असं दोनदा विचारलं. शैलाताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

सात वाजून दहा मिनिटांनी मी स्टँडवर गेलो आणि बाकावर बसून बातमी लिहिली. 'येथे झालेल्या निवड चाचणीत चौतीस खेळाडूंनी सहभाग घेतला.' चार ओळी. पाकीट पावणेआठच्या गाडीला दिलं. अपघाताचा उल्लेख केला नाही. जागा नव्हती असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात शिवाप्पा बसला होता, हातात चहाचा ग्लास. त्याने मला बसायला सांगितलं.

"रूळ मोठा हाय न्हवं, सर?" तो म्हणाला. "माणसाच्या कमरेइतका."

"हो."

"सगळ्यांना दिसला."

"हो."

"तिला न्हाई दिसला."

त्याने चहाचा एक घोट घेतला.

"दिवे लागले की तिला दिसत न्हाई. मलाबी न्हाई. माझ्या आज्याला पण नव्हतं. आमच्या घरात हाय ते. ताईचं लग्न आत्याच्या पोराशी, घरातल्या घरात, मग जाणार कुठं?" तो हसल्यासारखं हसला. "कोंबड्यांचं मी उगाच म्हणत न्हवतो."

"मला सांगायचं ना मामा."

"तुम्ही पेपरवाले."

"मी छापणार होतो का?"

"छापलं की तुम्ही. बिचकत न्हाई म्हणून." त्याने खिशातलं कात्रण काढलं, उघडलं नाही. "समोरचा दिसलाच न्हाई तर बिचकायचं कुणाला बघून? आम्ही वाचलं आणि गप्प बसलो. चांगलं लिहिलं होतं तुम्ही."

आतून कंपाउंडर काहीतरी ओरडला. शिवाप्पाने ग्लास खाली ठेवला.

"ताई म्हणत होती, सांगूया सरांना. तुम्ही गिरणीवर आला होता तेव्हा सांगणारच होती. तेवढ्यात तुम्हीच म्हणाला, पोरगी आहे म्हणून पाठवत न्हाई का. आम्हाला ते बरं पडलं. लोकांनी जुन्या वळणाचे म्हटलं तर म्हणू देत. तिच्या पाठीवर आणखी दोन पोरी हायेत. एकीचं कळलं की तिघी बसल्या घरात." मग तो म्हणाला, "काल तिला हाक मारायची होती."

"माहीत आहे."

"तुम्ही नको म्हणाला."

"माहीत आहे, मामा."

घरी येऊन मी वही उघडली. ऑक्टोबर ते डिसेंबर, कस्तुरी नूलकर, त्रेपन्न सकाळी आणि एकोणचाळीस संध्याकाळी. सकाळच्या रकान्यात पडलेले डबे: शून्य, शून्य, एक, शून्य. संध्याकाळच्या: दोन, तीन, एक, तीन. दिवस लहान होत गेले तसा आकडा वाढत गेलेला. सगळं माझ्याच अक्षरात होतं. फक्त बोटं संध्याकाळीही बरोबर होती, रोज. त्याचा उलगडा व्हायला मला आणखी अर्धा तास लागला. मी बोटं एका ठरावीक क्रमाने दाखवत होतो. दोन, चार, एक, तीन. परत दोन. पाच वर्षं, न चुकता, स्वतःच्या नकळत. ती आधीच्या मुलाचा आकडा ऐकायची आणि पुढचा सांगायची.

दहा जानेवारीला क्रीडाशाळेचं पत्र आलं. कस्तुरी नूलकर, निवड. सोबत वैद्यकीय तपासणीचा फॉर्म होता आणि त्यात दृष्टीचा रकाना. शैलाताई ते पाकीट घेऊन माझ्या घरी आली. म्हणाली, "सर, न्हाई म्हणून तुम्हीच लिहा. तुम्हाला लिहिता येतंय." मी लिहिलं, पायाच्या दुखापतीमुळे येऊ शकत नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. जागा ओंकारला मिळाली. नूलकरांनी पुढच्या वर्षी गिरण विकली आणि ते बेळगावला गेले.

त्यानंतर मी मुलींना यादीत शेवटी घातलं नाही. बोटांचा क्रम रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवू लागलो. बातमीदारीतून निवृत्त झालो, शिकवणं चालू आहे.

गेल्या मंगळवारी, बारा नोव्हेंबरला, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी एक बाई मैदानात आली. सहाएक वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. मला वाटलं ती त्याला आणतेय. जवळ आल्यावर कळलं, तो तिला आणतोय. कपाळावर पाच टाक्यांची खूण होती.

"सर, मी कस्तुरी."

"ओळखलं."

"मी बघून न्हाई ओळखलं," ती हसली. "आवाजानं ओळखलं. आता मला थाळीएवढंच दिसतं, मधलं. तेबी दिवसा. हा माझा मुलगा, आर्यन."

आर्यन माझ्या गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे बघत होता.

"आई कशी आहे?"

"आहे. बेळगावलाच. तुम्हाला विचारत होती, अजून ओरडू देत न्हाईत का म्हणून."

मी वाकून आर्यनला स्टॉपवॉच दाखवलं.

"याचे वडील नात्यातले नाहीत," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, बहुतेक काही नसेल. बहुतेक. तपासणीला पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. लहान पोरं सांगत न्हाईत, सर. मी सांगितलं न्हवतं." तिने विचारलं, "तुम्ही अजून लिहून ठेवता न्हवं?"

"ठेवतो."

"सकाळच्या बॅचला नको. संध्याकाळच्या घाला."

मी म्हटलं, अजून उजेड आहे, आता पळव. ती म्हणाली, थांबूया.

आम्ही थांबलो. बाकीची मुलं घरी गेली. सहाला सूर्य गेला. मैदानाच्या कोपऱ्यात आता मोठे दिवे आहेत, मी वॉचमनला ते लावू नको म्हणून सांगितलं. डबे मांडले, आर्यनला बोटांचं समजावलं. पल्ल्याच्या पुढची तीस पावलं स्वतः चालून पाहिली. रिकामी होती. कस्तुरी टोकाला, माझ्या उजव्या हाताला उभी राहिली.

"हाक मारणार?" मी विचारलं.

"न्हाई."

मी खिशातून चिठ्ठी काढून पाहिली. सहा वाजून एकोणीस मिनिटांनी आर्यन निघाला. बॉल त्याने पहिल्याच टचला लांब मारला आणि मागे धावला, सगळी मारतात तसा. अर्ध्यावर मी हात वर केला, त्याने मान वर केली.

"चार!"

चिठ्ठीवर चार होतं. मी चारच बोटं धरली होती.

"बरोबर?" कस्तुरीने विचारलं.

"बरोबर."

 ती पुढचं, डब्यांचं, ऐकायला थांबली.

आठ पूर्णांक चार सेकंद. डावीकडचा एक डबा पडला. सहा वर्षांच्या, पहिल्यांदा पळणाऱ्या मुलाचा एक डबा पडतोच. मी वहीत तारीख, वेळ, सेकंद लिहिले आणि पडलेल्या डब्याच्या रकान्यात एक.